जुन्या डिझेल पिकअप गाडीसाठी पर्यायी इंधने : गुण, दोष व हिशेब

भाजीपाला, फुले, दूध व फळे पिकविणाऱ्या गावांत आज जुनी डिझेल पिकअप गाडी ही बैलजोडीइतकीच घरची झाली आहे. दिवसभर तोडणी, संध्याकाळी बांधणी, मध्यरात्री भरणी आणि पहाटेच्या आत बाजार समितीच्या आवारात पोहोचणे, असा तिचा दिनक्रम असतो. ही गाडी वाटेत बंद पडली तर केवळ दुरुस्तीचा खर्च येत नाही. कोथिंबिरीच्या जुड्या पिवळ्या पडतात, दूध नासते, लिलावाची वेळ टळते आणि तीन महिन्यांच्या श्रमाचे मोल एका रात्रीत निम्म्यावर येते.

डिझेलचा भाव वाढू लागला म्हणजे ह्या गाडीच्या मालकाला चोहोकडून सल्ले मिळू लागतात. कोणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळावयास सांगतो. कोणी हॉटेलातील तळणीचे उरलेले तेल स्वस्तात मिळवून देतो. कोणी करंजाच्या तेलाचे गुण गातो, तर कोणी रस्त्याच्या कडेला ‘बायोडिझेल’ अशी पाटी लावून पिंपे विकतो. ‘जुने इंजिन काहीही पचविते’ हा समज या सर्व सल्ल्यांच्या मुळाशी आहे. त्यात सत्याचा अंश आहे, पण अंशच आहे. कोणते इंधन इंजिनात जळते हा एक प्रश्न झाला, कोणते इंधन शेतकऱ्याला परवडते हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा निराळी येतात. ती कशी येतात हे समजावून देणे हा या पाठाचा उद्देश आहे.

इंजिनात इंधन कसे जळते

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती अतिशय तापते व त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. म्हणून डिझेल इंजिनाचे सारे आरोग्य फवाऱ्यावर अवलंबून असते. औषध फवारणीच्या पंपाचे नोझल चोंदले म्हणजे धुके पडण्याऐवजी धार पडते, आणि पिकाच्या एका पानावर औषध साचते तर दुसरे कोरडे राहते. इंजिनाचेही तसेच आहे. फवारा बारीक असला तर इंधनाचा थेंब न् थेंब जळतो. फवारा जाड झाला तर थेंब अर्धवट जळतात, काजळी धरतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालच्या वंगण तेलात उतरतात.

फवारा बारीक पडणे हे मुख्यतः इंधनाच्या दाटपणावर अवलंबून असते. ४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असावा असे भारतीय मानक सांगते. त्याच तापमानाला शेंगदाणा किंवा करंज तेलाचा दाटपणा ४० च्या आसपास असतो, म्हणजे डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक. पर्यायी इंधनाविषयीच्या बहुतेक सर्व अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

दुसरी गोष्ट वंगणाची. इंधनपंपाच्या आतील भाग इतके घट्ट बसविलेले असतात की त्यांच्यामधील फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. या फटीत वंगणाचे काम बव्हंशी इंधनच करते. इंधन कोरडे असले तर पंप झिजतो, त्यात पाणी असले तर गंजतो, आणि ते फार दाट असले तर पंपावर ताण येऊन तो अडकतो किंवा मोडतो.

जुनी इंजिने सर्व सारखी नव्हेत

जुन्या पिकअप गाड्यांत दोन जातींची इंजिने आढळतात. पहिल्या जातीत सिलिंडरच्या डोक्यात एक लहान कक्ष असतो. इंधन प्रथम या कक्षात फवारले जाते व तेथे पेटून मुख्य सिलिंडरमध्ये येते. कक्ष अत्यंत तप्त राहतो आणि नोझलचे तोंड मोठे असते, म्हणून हे इंजिन थोडे दाट इंधनही सहन करते. थंडीत सुरू करण्यासाठी अशा इंजिनाला बहुधा हीटर प्लग असतात. दुसऱ्या जातीत इंधन सरळ दट्ट्याच्या डोक्यावर फवारले जाते. नोझलला अनेक अतिसूक्ष्म छिद्रे असतात. हे इंजिन डिझेल कमी खाते, पण दाट तेलाने त्याची छिद्रे लवकर चोंदतात.

पंपही दोन प्रकारचे असतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असलेला, एका ओळीचा पंप मजबूत असतो व बहुधा त्याला वंगण तेलाचा वेगळा पुरवठा असतो. एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरांना इंधन वाटणारा रोटरी पंप सर्वस्वी इंधनाच्याच वंगणावर चालतो. थंड, दाट तेलाने तो लवकर दगा देतो. आपल्या गाडीत कोणते इंजिन व कोणता पंप आहे हे अनुभवी मिस्त्रीकडून समजून घेतल्याशिवाय कोणत्याही पर्यायी इंधनाचा विचारच करू नये. अलीकडच्या, संगणक-नियंत्रित व अतिउच्च दाबाच्या कॉमन रेल इंजिनांना तर या पाठातील कोणताही प्रयोग लागू नाही. त्यांच्या बाबतीत निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेवढेच करावे.

निव्वळ वनस्पती तेल

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालविणे ही नवी कल्पना नव्हे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. पुढे १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ते खनिज तेलासाठी बनविलेले होते व त्यात कोणताही बदल केलेला नव्हता. मग खनिज तेल विपुल व स्वस्त झाले आणि ही गोष्ट मागे पडली. १९७३ च्या तेल-संकटानंतर तिची पुन्हा आठवण झाली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात फार्गो येथे शेती अभियंत्यांची याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळात अनेक देशांत झालेल्या चाचण्यांतून जे निष्पन्न झाले ते आजही खरे आहे. निव्वळ तेलावर इंजिन सुरू होते, ओढही जवळजवळ डिझेलइतकीच देते, आणि काही तासांच्या चाचणीत दोष दिसत नाही. दोष दिसतो तो दीर्घकाळ चालविल्यावर, विशेषतः इंधन सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत.

हा दोष पायरीपायरीने वाढतो. प्रथम नोझलच्या तोंडाशी काजळीची फुले धरतात व फवारा बिघडतो. नंतर पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसतात व इंजिनाचा दम कमी होतो. न जळलेले तेल रिंगांवरून उतरून खालच्या वंगण तेलात मिसळते. तेथे उष्णतेने त्याचे घट्ट, चिकट रसायन बनते. तळणीच्या कढईच्या काठाला जो न निघणारा थर बसतो, तशाच जातीचा हा थर होय. वंगण तेल असे घट्ट झाले म्हणजे ते बारीक वाटांतून पोहोचत नाही आणि इंजिन जाम होते. मालक मात्र ‘पहिले तीन महिने काहीच झाले नाही’ असे सांगत असतो. ते खरेही असते, कारण हा रोग आरंभी बोलत नाही.

काही देशांत यावर दोन टाक्यांची योजना करतात. इंजिन डिझेलवर सुरू करावयाचे, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून पातळ करावयाचे, मग तेलावर वळवावयाचे, आणि थांबण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणून पंप व नळ्या धुऊन घ्यावयाच्या. शास्त्रदृष्ट्या ही योजना योग्य दिशेची आहे. पण दर चार-पाच किलोमीटरवर माल उतरविणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापण्याआधीच थांबते, आणि थकलेला चालक बंद करण्यापूर्वी वळवणी विसरला तर रात्रभर पंपात तेल गोठून राहते. शिवाय रस्त्यावरील गाडीत असा बदल करणे कायद्याच्या कक्षेत येते, त्याचा विचार पुढे केला आहे. म्हणून मालवाहू गाडीत निव्वळ तेल, मग ते करंजाचे असो वा तळणीचे, वापरण्याची शिफारस करता येत नाही.

तळणीच्या तेलाबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. पुनःपुन्हा तापलेल्या तेलात पाणी, मीठ, पिठाचे कण व आम्ले असतात. कापडाने गाळून कण जातात, पाणी व आम्ल जात नाही. असे तेल खाण्यासही अयोग्य असते. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते स्वयंपाकात वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. अशा तेलापासून कारखान्यात बायोडिझेल करणे हाच त्याचा योग्य उपयोग होय.

बायोडिझेल म्हणजे काय

बायोडिझेल म्हणजे नुसते तेल नव्हे व तेल-डिझेलचे मिश्रणही नव्हे. वनस्पती तेलावर मिथेनॉल व कॉस्टिकसारख्या क्षाराची क्रिया केली असता त्याचे दोन भाग होतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते व वर पातळ एस्टर राहते. शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मिथेनॉल लागते आणि जवळजवळ शंभर लिटर एस्टर व दहा लिटरच्या आसपास ग्लिसरीन मिळते. हे एस्टर धुऊन, वाळवून शुद्ध केले म्हणजे बायोडिझेल तयार होते. त्याचा दाटपणा ४ ते ५ सेंटिस्टोकपर्यंत, म्हणजे डिझेलच्या जवळ येतो. दाटपणाचा मूळ दोष येथे दूर होतो, हेच बायोडिझेलचे मर्म आहे. बेल्जियममध्ये १९३७ साली या क्रियेचे पेटंट देण्यात आले व पुढच्याच वर्षी ताड-तेलाच्या एस्टरवर प्रवासी बस चालविण्यात आली. भारतात ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेसचे इंजिन पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालविण्यात आले होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

बायोडिझेलचे गुण असे आहेत : ते पंपाला चांगले वंगण देते, धुरातील काजळी कमी करते, त्यात गंधक नसल्यासारखेच असते, आणि १०० अंशांच्या वर तापल्याखेरीज त्याची वाफ पेट घेत नसल्यामुळे ते साठविण्यास डिझेलपेक्षा सुरक्षित असते.

त्याचे दोषही स्पष्ट समजून घ्यावेत. पहिला दोष, एका लिटरमागे त्यात डिझेलपेक्षा सुमारे आठ टक्के उष्णता कमी असते, म्हणून गाडीचे मायलेज त्या प्रमाणात घटते. दुसरा, ते उत्तम मलशोधक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडविते आणि सारा गाळ फिल्टरमध्ये येऊन गाडी अडते. तिसरा, जुन्या गाड्यांतील साध्या रबराच्या नळ्या व वायसर ते फुगविते व मऊ करते. हा परिणाम शुद्ध बायोडिझेलमध्ये जास्त, वीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात कमी असतो. चौथा, ते हवेतील ओलावा शोषून घेते व साठवणीत आंबते. तांबे, पितळ व जस्त यांच्या सान्निध्यात ते अधिक लवकर बिघडते. पाचवा, थंडीत ते गोठू लागते. ताड-तेलापासून केलेले बायोडिझेल १०-१५ अंशांच्या आसपासच गढूळ होते. निफाडसारख्या भागात हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि द्राक्षे व भाजी भरून निघण्याची वेळ नेमकी पहाटेची असते, हे विसरू नये.

बायोडिझेल घरी तयार करण्याचा मोह कोणीही धरू नये. मिथेनॉल हे जहाल विष आहे. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाते किंवा प्राण जातो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. करंज तेलात व तळणीच्या तेलात मोकळे आम्ल जास्त असल्यामुळे घरगुती कृतीत एस्टरऐवजी साबणच अधिक बनतो. असे अर्धवट धुतलेले, साबण व क्षार राहिलेले द्रव्य पंपात गेले की जी हानी होते ती निव्वळ तेलाने होणाऱ्या हानीहून कमी नसते.

रॉकेल, मद्यार्क व गोबरवायू

रॉकेल डिझेलपेक्षा पातळ व कोरडे असते. त्याने पंप व नोझल यांना वंगण मिळत नाही. गाडी चालते, आवाज थोडा कडक येतो, आणि काही महिन्यांनी पंप झिजून इंजिन सुरू होण्यास त्रास देऊ लागते. शिधावाटपाचे निळे रॉकेल गाडीत वापरणे हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हाही आहे.

ऊस पिकविणाऱ्या भागांत मद्यार्काविषयी प्रश्न विचारला जातो. मद्यार्क पेट्रोलच्या इंजिनाला योग्य आहे. डिझेल इंजिनात तो दाबाने सहजासहजी पेटत नाही, डिझेलशी नीट एकजीव होत नाही, थोड्या पाण्यानेही वेगळा होतो, आणि टाकीतील वाफेला आग लागण्याचा धोका वाढवितो. म्हणून तो डिझेलच्या टाकीत टाकू नये.

गोबरवायू हा एका जागी बसविलेल्या डिझेल इंजिनासाठी मात्र चांगला सोबती आहे. हवेबरोबर वायू आत घेऊन व पेटविण्यापुरते थोडे डिझेल फवारून पाण्याचे इंजिन चालविता येते आणि डिझेलचा मोठा भाग, अनुकूल स्थितीत चार-पंचमांशापर्यंत, वाचतो. गाडीसाठी हाच वायू शुद्ध करून मोठ्या दाबाने भरावा लागतो, ते शेतकऱ्याच्या अंगणात होणारे काम नव्हे.

हिशेब मांडून पाहावा

इंधनाचा निर्णय पिंपाच्या भावावर न करता वर्षाच्या हिशेबावर करावा. उदाहरणादाखल समजा, गाडी वर्षात १८,००० किलोमीटर चालते व लिटरला १२ किलोमीटर जाते. वर्षाला १,५०० लिटर डिझेल लागेल. डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर खर्च १,३५,००० रुपये होतो.

आता वीस टक्के बायोडिझेलचे मिश्रण घेतले व बायोडिझेल लिटरमागे १० रुपयांनी स्वस्त मिळाले असे समजू. उष्णता कमी असल्यामुळे १,५०० ऐवजी सुमारे १,५२४ लिटर इंधन लागेल. त्यात डिझेल १,२१९.२ लिटर, त्याचे १,०९,७२८ रुपये, आणि बायोडिझेल ३०४.८ लिटर, त्याचे २४,३८४ रुपये. एकूण १,३४,११२ रुपये. म्हणजे वर्षाची बचत ८८८ रुपये. आरंभी दोन फिल्टर जादा बदलले, एखादी नळी बदलली, की ती बचत संपली.

याच गाडीचा हवेचा फिल्टर चोंदलेला आहे, टायरमध्ये हवा कमी आहे व नोझल तपासलेले नाहीत, म्हणून ती १२ ऐवजी ११ किलोमीटरच जाते असे समजू. तेव्हा वर्षाला १,६३६ लिटर डिझेल लागते. जादा १३६ लिटरांचे १२,२४० रुपये होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे काय दिसते? स्वस्त इंधन शोधण्यात जे मिळते त्याहून कितीतरी अधिक धन आपल्याच गाडीच्या नादुरुस्तीतून गळत असते. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव व आपल्या गाडीचे मायलेज घालून हा हिशेब स्वतः करावा. आकडे बदलतील, पण कोणत्या क्रमाने विचार करावयाचा तो क्रम बदलणार नाही.

निव्वळ तळणीचे तेल फार स्वस्त मिळाले तर कागदावर बचत मोठी दिसते. परंतु पंप, नोझल, रिंगा, पिस्टन व बोअर यांचे काम एकदम निघाले तर ती सारी बचत एका खेपेस जाते. शिवाय ऐन हंगामात गाडी दुरुस्तीला पडून राहते व भाड्याच्या गाडीचे पैसे वेगळे मोजावे लागतात. हा खर्च हिशेबात धरला नाही तर तो हिशेब नव्हे, ती केवळ आशा होय.

करंजाचे बी : जाळावे की विकावे

करंज हा आपल्या ओढ्याकाठचा व बांधावरचा परिचित वृक्ष आहे. त्याच्या बियांत तेलाचे प्रमाण साधारणपणे २७ ते ३९ टक्के असते. साध्या घाण्यावर शंभर किलो बियांपासून सुमारे २५ किलो, म्हणजे २७ लिटरांच्या आसपास तेल हाती येते. उरलेली पेंड हे उत्तम नत्रयुक्त खत आहे आणि ती जमिनीतील नत्राचा ऱ्हासही मंदावते. करंज तेलाला साबण व कीडनियंत्रण या कामांसाठी मागणी असते. म्हणून बी गोळा करणाऱ्या बचत गटाने प्रथम बाजार पाहावा. एक लिटर तेलाची किंमत एक लिटर डिझेलपेक्षा जास्त येत असेल, तर ते तेल जाळणे म्हणजे घरची ज्वारी विकण्याऐवजी चुलीत घालणे होय. तेल विकावे, डिझेल घ्यावे आणि पेंड शेतात घालावी. खाद्यतेलाच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. देश आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि त्याचा भावही डिझेलपेक्षा चढा असतो.

मोगली एरंडाचा अनुभवही येथे ध्यानात घ्यावा. २००३ मध्ये नियोजन मंडळाच्या समितीच्या अहवालानंतर पडीक जमिनीत त्याच्या लागवडीचा मोठा गाजावाजा झाला. पण पाणी व खत नसलेल्या हलक्या जमिनीत त्याने अपेक्षित उत्पन्न दिले नाही. पडीक जमिनीत झाड जगते याचा अर्थ ते तेथे भरपूर फळते असा नव्हे.

बायोडिझेल वापरावयाचे ठरल्यास

परवानाधारक विक्रेत्याकडून योग्य भावात बायोडिझेल मिळत असेल व निर्मात्याची हरकत नसेल, तर पुढील क्रम पाळावा.

१. विक्रेत्याकडे परवाना व त्या मालाचा आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे केलेला चाचणी-अहवाल मागावा. अहवाल नसेल तर माल घेऊ नये. ‘बायोडिझेल’ या नावाखाली औद्योगिक तेले व विद्रावके यांची मिश्रणे विकली गेल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. शंका आल्यास तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत चौकशी करावी.

२. आरंभापूर्वी टाकी उतरवून स्वच्छ करावी. रबराच्या जुन्या नळ्या तडकलेल्या असल्यास बदलाव्यात.

३. पाच टक्क्यांपासून आरंभ करावा. काही टाक्या निर्वेध गेल्यावर दहा व मग वीस टक्क्यांपर्यंत जावे. जुन्या गाडीत वीसच्या पुढे जाऊ नये.

४. पहिल्या महिन्यात जादा फिल्टर गाडीत ठेवावा आणि तो बदलण्याची व नळीतील हवा काढण्याची रीत चालकाला शिकवावी.

५. फिल्टरखालचा पाण्याचा निचरा दर आठवड्याला उघडून पाहावा.

६. वंगण तेलाची कांडी रोज पाहावी. तेल न घालताच पातळी वाढत असेल तर इंधन खाली उतरत आहे असे समजून गाडी थांबवावी व मिस्त्रीला दाखवावी.

७. तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नये. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर शेवटची टाकी शुद्ध डिझेलची भरावी. थंडीच्या दिवसांतही साध्या डिझेलवरच राहणे हितावह.

८. प्रत्येक भरणीची तारीख, लिटर, किलोमीटर व इंधनाचा प्रकार एका वहीत नोंदवावा. नोंदीवाचून झालेला अनुभव ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक किमतीचा नसतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. दुसऱ्या इंधनावर चालण्यासाठी इंजिनात बदल करावयाचा तर तो मान्यताप्राप्त साधनाने व विहित अटींवरच करावा लागतो. परवानगीवाचून दुसरी टाकी, तापक व झडपा बसविलेल्या गाडीला योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येते, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही वाद उत्पन्न होऊ शकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिके

पुढील प्रात्यक्षिके चावडीवर अर्ध्या तासात करून दाखविता येतात. शंभर शब्दांपेक्षा त्यांचा परिणाम अधिक होतो.

दाटपणा : तळाशी बारीक छिद्र पाडलेला एक डबा घ्यावा. त्यातून प्रथम एक पेला डिझेल व नंतर, डबा पुसून, एक पेला करंज तेल गळू द्यावे. दोन्ही वेळा घड्याळ पाहावे. नोझलच्या सूक्ष्म छिद्रापुढे कोणती अडचण उभी राहते हे शेतकऱ्यांना आपोआप कळते. जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये.

पाणी : तळणीच्या तेलाचे चार थेंब गरम तव्यावर टाकावेत. तडतड आवाज आला तर तेलात पाणी आहे. हा प्रयोग फक्त खाद्यतेलावरच व डिझेलपासून दूर करावा.

रबर : जुन्या नळीचे दोन सारखे तुकडे कापून एक डिझेलमध्ये व एक बायोडिझेलमध्ये बाटलीत बुडवून ठेवावा. पंधरा दिवसांनी दोन्हींची जाडी व मऊपणा ताडून पाहावा.

सारांश

जुने डिझेल इंजिन वनस्पतिजन्य इंधनावर चालू शकते, हे शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. पण चालणे निराळे व टिकणे निराळे. निव्वळ तेल व रॉकेल मालवाहू गाडीत वापरू नये. मानकाप्रमाणे तपासलेले बायोडिझेल वीस टक्क्यांपर्यंत, जपून, नोंद ठेवून वापरता येते, परंतु त्यात लाभ आहे की नाही हे त्या-त्या वेळचा भावच ठरवील. त्याआधी हवेचा फिल्टर, टायर व नोझल यांकडे लक्ष द्यावे, कारण तेथील बचत निश्चित आहे व तिला कोणाचा परवाना लागत नाही. पहाटेच्या बाजाराला वेळेवर पोहोचणारी गाडी हीच शेतकऱ्याची खरी कमाई आहे. दोन-चार रुपयांच्या इंधनासाठी तिला पणाला लावू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. निव्वळ वनस्पती तेलाचा दोष पहिल्या काही आठवड्यांत का दिसत नाही?
२. बायोडिझेल सुरू केल्यावर जुन्या गाडीचा फिल्टर लवकर का चोंदतो?
३. आपल्या गावातील एका गाडीची महिन्याची नोंद घेऊन तिच्या वार्षिक इंधनखर्चाचा हिशेब मांडा. लिटरमागे एक किलोमीटर वाढल्यास किती रुपये वाचतील?